जज व्हिटकॉम पश्चिमेकडे का बघतो

"इतिहास म्हणजे मेलेल्यांनी जिवंतांवर टाकलेला विश्वास आहे!"

हे वाक्य मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका थडग्याशेजारी उभं राहून, सप्टेंबरच्या उन्हात उच्चारलं. डोक्यावर उंच काळी टोपी होती, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा काळा कोट. 'विश्वास'पर्यंत पोचलो आणि खोट्या मिशीचे केस तोंडात गेले. मी ते थुंकून टाकले. समोर घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तिथली माणसं सभ्य. वक्ता थुंकला तरी त्यात काहीतरी ऐतिहासिक असेल असं धरून चालतात.

त्या दुपारी मी जज एझ्रा व्हिटकॉम होतो आणि मला मरून शंभरावर वर्षं झाली होती. एरवी मी गजानन सावर्डेकर. कोल्हापूरच्या एका दैनिकात दर रविवारी सभ्य लोकांची टिंगल करणं एवढाच माझा धंदा, आणि त्यातूनही निवृत्त झालेला. या गोष्टीला आता पंधरा वर्षं होतील. मुलगी, केतकी, तिथल्या वॉर्नॉक काउंटीच्या इस्पितळात डॉक्टर होती. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, फक्त माणसं कमी आणि डुकरं जास्त. ती राहायची बेथनी नावाच्या खेड्यात. एक चर्च, धान्याचा एक उंच कोठा आणि एक दफनभूमी. दफनभूमीची वस्ती गावापेक्षा मोठी होती.

माझ्या मरणाची सुरुवात केतकीच्या स्वयंपाकघरात झाली. मी पोहे खात होतो. दार वाजलं आणि मिस विनिफ्रेड व्हिटकॉम आत आल्या. चौऱ्याऐंशीच्या, काटकुळ्या, ताठ. जन्मभर गावच्या शाळेत शिकवलेलं, लग्न न केलेलं, आणि आता काउंटीच्या इतिहास मंडळाच्या चिटणीस. मी त्यांना विनीबाई म्हणायचो. बाई म्हणजे शिक्षिका हे सांगितल्यावर त्यांना ते फार आवडलं होतं.

"मिस्टर गाज," त्या म्हणाल्या, "तुम्हाला मेलेला माणूस व्हायला आवडेल का?"

"बाई, त्या दिशेनं प्रगती चालूच आहे. घाई का?"

"पुढच्या शनिवारी आमची दफनभूमीची फेरी आहे."

मग त्यांनी रीत समजावली. दरवर्षी मंडळाची माणसं जुन्या काळचे कपडे घालून एकेका थडग्याशी उभी राहतात. काउंटी वसवायला आलेले मूळ लोक बनून 'मी अमुक, मी बैलगाडीतून आलो, मी पहिली गिरणी घातली' असं आपलं चरित्र आपणच सांगतात. गाव खुर्च्या उचलून या थडग्याकडून त्या थडग्याकडे जातं. शेवटी चर्चच्या तळघरात सफरचंदाचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ खायचा आणि मंडळाची वार्षिक सभा.

"सगळे जण उभे राहतात," बाई म्हणाल्या, "फक्त माझ्या पणजोबांच्या थडग्याशी कुणी राहत नाही. आजवर एकदाही नाही."

"का?"

"त्यांनी कचेरी पळवली."

मला वाटलं, कागदपत्रं पळवली. नाही. कचेरी. अख्खी. बेथनी हे तेव्हा काउंटीचं मुख्य गाव होतं, आणि कचेरी म्हणजे लाकडी इमारत होती. रेल्वे आली ती अकरा मैलांवरच्या मॉर्स जंक्शनला. तेव्हा जज व्हिटकॉमनं एका कडक हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना, कचेरीखाली ओंडके घातले, पुढं बैलांच्या जोड्या जुंपल्या, आणि इमारत ओढत जंक्शनला नेऊन ठेवली. पाठोपाठ वकील गेले, दुकानं गेली, बँक गेली. बेथनीला उरलं चर्च आणि आपल्यावर अन्याय झाल्याची भावना. ती मात्र त्यांनी उत्तम जपली होती.

"पैसे खाल्ले होते का रेल्वेचे?" मी विचारलं.

"बाबा!" केतकी म्हणाली.

"असू दे," बाई म्हणाल्या. "खाल्ले असतील. मला ठाऊक नाही. पण शिक्षा बघा काय दिली. आमच्यात प्रेत पूर्वेकडे पाय करून पुरतात. शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा तोंड उगवतीला, देवाकडे असावं म्हणून. माझ्या पणजोबांना गावानं उलटं पुरलंय. पश्चिमेला तोंड करून. सगळे देवाकडे बघत उठतील आणि हे त्याला पाठ दाखवून. त्यांचा दगडही उलटा आहे. सगळ्या बेथनीत तो एकच."

त्यांनी कॉफीच्या कपावरून बोट फिरवलं.

"पुढच्या महिन्यात मी भाचीकडं ॲरिझोनाला जातेय, कायमची. परत येईन ती पेटीतूनच. माझी जागा त्यांच्याच शेजारी आहे. निदान त्यांचा दगड तरी सरळ करून जावं असं वाटतं. त्याच्यावर हसणाऱ्यांच्या मध्ये मला नाही झोपायचं. मंडळानं ठराव घ्यायचा आहे, फेरीनंतर. पण लाइल हॅस्केट विरोध करणार. त्याचं चर्चवाल्यांत वजन आहे. म्हणून म्हटलं, आधी जजची बाजू कुणीतरी मांडावी. इथला एकही पुरुष तयार नाही. तुमचा बेथनीशी काही संबंध नाही आणि जंक्शनशीही नाही."

"आणि तिकडं पूर्वेच्या व्हर्मॉन्ट राज्यातून आलेला तुमचा जज कोल्हापुरी इंग्रजी बोलला तर?"

"त्यांचं बोलणं ऐकलेलं कुणी आता हयात नाही," बाई म्हणाल्या.

मला हा मुद्दा बिनतोड वाटला.

दुसऱ्या दिवशी मी माझं थडगं बघायला गेलो. दफनभूमी एका चढावर, आणि पश्चिमेच्या कुंपणापलीकडं हॅस्केटचं सोयाबीन. थडगी सगळी शाळेतल्या मुलांसारखी एका दिशेला तोंड करून ओळीनं उभी. टोकाच्या रांगेत एकच दगड वर्गात मागं वळून बसलेल्या पोरासारखा. त्याच्याशेजारी जजची दुसरी बायको ॲबिगेल, तिचा दगड नीट सरळ. म्हणजे नवरा-बायको एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्याशी अशी झोपलेली. मी लिहिलेलं वाचायला दगडाच्या समोर गेलो. पाठ साहजिकच शेताकडं झाली.

"पाठ करताय काय?" मागून आवाज आला.

कुंपणावर कोपरं टेकून एक थोराड म्हातारा उभा होता. लाल मान, धान्याच्या कोठ्याच्या कंपनीची टोपी.

"लाइल हॅस्केट," तो म्हणाला. "विनीनं तुम्हाला गाठलं म्हणे. ती माझ्या वर्गात होती. तेव्हापासून भांडतेय."

"तुम्ही शनिवारी कोण होणार?"

"माझे पणजोबा. इथले पाद्री, रेव्हरंड हॅस्केट. चर्च त्यांनीच बांधलं. दरवर्षी मीच होतो." त्यानं जजच्या दगडाकडं हनुवटी उडवली. "याला आमच्या लोकांनीच उलटा घातला. बरोबर केलं."

"तुमचे पणजोबा होते त्या वेळी?"

"मयताला? हॅट! बेथनीतलं कुत्रं नव्हतं याच्या मयताला. आमच्या रेव्हरंडनी तर प्रार्थना म्हणायलाही नकार दिला. आजवर अभिमानानं सांगतात आमच्याकडं."

मी मान डोलावली. अभिमानानं सांगितलेल्या गोष्टी मी जन्मभर टिपत आलेलो. सवयीनं हीही डोक्यात राहिली. निरोप घेताना मी सहज शेताकडं बघितलं. त्या सपाट, रेषेत पेरलेल्या सोयाबीनच्या मध्येच एक झुडपांचा पुंजका होता. नांगर त्याला वळसा घालून गेला होता.

"ते काय?"

"लायलॅक. वसंतात जांभळा फुलतो. ट्रॅक्टर वळवताना माझा जीव जातो. पण वडील वळवायचे, आजोबा वळवायचे. म्हणून मीही."

"का वळवायचे?"

"का म्हणजे?" लाइल म्हणाला. "वळवायचे."

माझ्या वडिलांच्या पन्हाळ्याकडच्या शेतात शेंदूर लावलेला एक दगड होता. नांगर त्याला वळसा घालायचा. का, हे विचारल्यावर मला जे उत्तर मिळालं होतं तेच, तितकंच थोडक्यात, लाइलनं इंग्रजीत दिलं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

शनिवारी विनीबाईंनी मला चर्चच्या मागच्या खोलीत सजवलं. दाढी एका नाटकमंडळीकडून मागवली होती. तिच्याबरोबर आलेला डिंक वाळून खडा झाला होता. बाई क्षणभर विचारात पडल्या, मग पर्स उघडून त्यांनी एक नळी काढली.

"हे काय?"

"माझी कवळी चिकटवायचं. दिवसभर हलत नाही. मी यावर मक्याचं कणीस खाते."

त्यांनी माझ्या दोन्ही गालांना ते सढळ हातानं लावलं आणि दाढी दाबून धरली. दाबता दाबता पणजोबांची माहिती पुन्हा घोकून घेतली.

"पहिली बायको?"

"मर्सी. व्हर्मॉन्टहून बैलगाडीतून आली. पहिल्याच हिवाळ्यात वारली."

"पुरली कुठं?"

"माहीत नाही. तेव्हा गावच नव्हतं, तर दफनभूमी कुठली."

"दुसरी?"

"ॲबिगेल. तुमची पणजी. जजच्या मागं बरीच वर्षं जगली."

"छान. आणि मयताचं सांगू नका," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझे आजोबा सांगायचे. मयताला फक्त आई आणि ते दोघं भाऊ. पोरांनीच खड्डा खणला. गावाला त्यात आणखी एक हशा नको द्यायला."

तर असा मी थडग्याशेजारी उभा होतो. माझ्याआधी लाइल रेव्हरंड हॅस्केट बनून बोलला होता, आणि चर्चच्या पायाच्या दगडांपासून कौलांपर्यंत काहीही त्यानं वगळलं नव्हतं. लोक पेंगुळलेले होते. माझ्याकडं खुर्च्या वळवताना ते जरा जागे झाले. माझी दाढी बघून पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला कोपर मारलं. केतकी मागं उभी राहून हसू दाबत होती.

मिशी आवरून मी पुढं चाललो. व्हर्मॉन्ट, बैलगाडी, गवत एवढं उंच की त्यात घोडा हरवावा. कचेरीपाशी आलो तेव्हा मागून कुणीतरी सौम्यसा 'बूऽ' केला.

"आभारी आहे," मी म्हणालो. "मेल्यापासून पहिल्यांदाच कुणी दखल घेतली."

हशा झाला. विनीबाईंचे हात मांडीवर घट्ट झाले.

"कचेरी मी पळवली. पैसे खाल्ले का, ते विचारू नका. मी जज होतो, माझ्याच विरुद्ध पुरावा देणार नाही." पुन्हा हशा. "पण तुम्ही मला उलटं पुरलंत. इथं उभं राहून मला गेली शंभर वर्षं काय दिसतंय ते तरी ऐका."

हे मी लिहून आणलेलं नव्हतं. तोवर मी फक्त खुर्च्यांकडं बघत होतो. आता जजला काय दिसतं ते सांगायचं म्हणून दगडाला चिकटून, त्याच्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो आणि मान वर केली. खुर्च्यांवरच्या डोक्यांवरून, कुंपणावरून नजर सरळ गेली, आणि पुढचं वाक्य मला आठवेना.

बरोबर समोर तो लायलॅक होता. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. दगडाच्या मधोमध दोरी धरून ताणली असती तर तिचं दुसरं टोक त्या झुडपाला बांधता आलं असतं.

"काय दिसतंय?" पुढच्या बाईंनी विचारलं. त्यांना वाटलं हा नाटकाचा भाग.

"लाइल," मी म्हणालो, "माझ्या मयताला तुमचे पणजोबा आले होते का?"

"पाऊल ठेवलं नाही!" लाइल रेव्हरंडच्या पांढऱ्या गळपट्टीत गुरगुरला. खुर्च्यांतून समाधानाची कुजबुज गेली. "बेथनीतलं कुणी नाही!"

"मग मला उलटं कुणी पुरलं?"

मी लोकांकडं बघितलं. कुणाच्या पणजोबांनी पुरलं असं सांगायला कुणी पुढं येईना. कारण तेवढ्यासाठी पणजोबांना मयताला जावं लागलं असतं. आणि न जाण्याचा मान सोडायला एकही घराणं तयार नव्हतं. पिढ्यान्पिढ्या त्यांनी दोन्ही बढाया एकाच जेवणाच्या टेबलावर मारल्या होत्या, आणि त्या कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

"आई होती," विनीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा स्पष्ट होता. "म्हणजे आजोबांची आई. ॲबिगेल. आणि तिची दोन पोरं. खड्डा त्यांनी खणला. दुसरं कुणी नव्हतं."

"म्हणजे दिशा ठरवणारी तीच," मी म्हणालो.

"पण ती का..." बाई उठल्या. कुणीतरी हात द्यायला गेलं, त्यांनी घेतला नाही. त्या चालत माझ्याजवळ आल्या, दगडाच्या दुसऱ्या अंगाला उभ्या राहिल्या आणि शेताकडं बघू लागल्या. दर रविवारी त्या फुलं ठेवायला इथं यायच्या, पण दगडाकडं तोंड करून, म्हणजे शेताला पाठ करून. तो उभा राहून कुठं बघतो हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"लाइल," त्या म्हणाल्या, "ते शेत तुम्ही कुणाकडून घेतलं होतं?"

लाइलनं गळपट्टी सैल केली. "तुमच्याच लोकांकडून. जज मेल्यावर म्हातारीनं विकलं. माझ्या आजोबांना."

"माझ्या पणजीनं?"

"हो." तो पुढं आला. त्याची लाल मान आता जरा जास्त लाल होती. "तिनं भाव केला नाही, असं आजोबा म्हणायचे. एकच अट घातली. त्या झुडपाखाली फाळ घालायचा नाही. आजोबांनी शब्द दिला. व्हिटकॉमांना दिलेला शब्द म्हणून बाहेर कुणी बोलायचं नाही, पण मोडायचाही नाही. का, ते तिनं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही."

"मर्सीनं व्हर्मॉन्टहून लायलॅकची काडी आणली होती," विनीबाई म्हणाल्या. "ओल्या फडक्यात गुंडाळून. हे आमच्यात सगळ्या पोरांना सांगतात. ती जगली की मेली, ते कुणी सांगत नाही. मला वाटायचं, मेली."

वारा सोयाबीनवरून आला. मागच्या रांगेत कुणीतरी टोपी काढली, मग आणखी दोघांनी. मर्सी कुठं पुरलीय, हे आता कुणाला सांगायला लागलं नाही.

बाईंनी शेजारच्या, सरळ उभ्या दगडावर हात ठेवला.

"आणि ही इथंच," त्या म्हणाल्या. "त्याला तिकडं तोंड करून दिलं आणि स्वतः शेजारी येऊन झोपली. त्याचे पाय डोक्याशी घेऊन."

"विनी," लाइल खाकरला. "ऐक. मी विरोध मागं घेतो. आत्ताच मत घ्या. दगड फिरवायचा तर ट्रॅक्टर मी आणतो. सोमवारी आणतो."

"दगडाला हात लावशील तर बघ."

"अगं, पण तूच तर गेली दहा वर्षं..."

"मूर्ख होते. तूही होतास. तू अजून आहेस."

"बरं," लाइल म्हणाला. त्याला हे ऐकून जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

"तुझ्या मागं काय होणार त्या झुडपाचं?"

"नातवाला सांगितलंय. वळवायचं म्हणून. आता का तेही सांगता येईल. पोरगा फार प्रश्न विचारतो."

बाईंनी मान हलवली. मग चिटणिसाच्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ठराव मागं घेतलाय. टिपून घ्या कुणीतरी. आणि मला पुराल तेव्हा पूर्वेलाच तोंड करून पुरा. मला तिकडं कुणाकडं बघायचं नाही. मला सकाळचं ऊन आवडतं."

लाइलनं त्यांच्यासाठी स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि दगडाशेजारी ठेवली, शेताकडं तोंड करून. त्या बसल्या. तो शेजारी उभा राहिला, रेव्हरंड हॅस्केटच्या कपड्यांत, जज व्हिटकॉमच्या थडग्यापाशी. शंभर वर्षांत हॅस्केटांचं पाऊल तिथं पहिल्यांदा पडत होतं.

मग हळूहळू सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. फेरीच्या रीतीप्रमाणं शेवटचं वाक्य मेलेल्या माणसानं बोलायचं असतं. ते माझ्याकडं लिहिलेलं होतं. त्यात 'इतिहास', 'क्षमा' आणि 'भावी पिढ्या' हे तिन्ही शब्द होते आणि मी त्यावर मेहनत घेतली होती. मी टोपी काढली. छातीवर धरली. एक लांब श्वास घेतला, आणि दाढीला हात घालून बघितला. ती हलली नाही. दोन्ही हातांनी ओढून बघितली. गाल आला, दाढी आली नाही.

"केतकी," मी मराठीत म्हणालो, "घरी खोबरेल तेल असेल तर जरा घेऊन ये गं."